मदत हवी आहे: गिटारवर बँजोची पाचवी तार

अमेरिकन गायक सुफ्यान स्टीव्हन्सच्या ‘सेव्हन स्वॉन्स’ (२००४) अल्बममधलं पहिलं गाणं, ज्याचं शीर्षक बायबलमधल्या यशया ५५:१२ मधून आलंय, गिटारवर बसवायचं आहे. बँजो घेणं शक्य नाही. ओपन जी (मोकळ्या ताराच जी कॉर्ड वाजवतील अशी जुळणी) लावलं की पहिल्या चार तारा बँजोच्या नेहमीच्या ओपन जीसारख्याच होतात. पण बँजोच्या पाचव्या तारेचा, अंगठ्याने वाजणारा तो उंच जी मिळत नाही, आणि बँजोचा सगळा झंकार त्याच्यावरच उभा असतो. म्हणून पाचव्या जागी .००९ इंच जाडीची साधी तार लावून ३९२ हर्ट्झपर्यंत चढवली. दोनदा नटपाशी (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) तुटली. शिवाय जाड तारेच्या खाचेत ती सैल बसते, खरखरते.

स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, नट बदलायचा नाही. .००८ टिकेल, की सगळ्याच तारा दोन सेमीटोन उतरवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावू? कॅपोने खरखरही थांबेल का?