मदत हवी आहे: जांभ्यावर नेटवर्कची फायबर केबल कशी न्यावी?

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या आमच्या कॉलेजचा पाच वर्षांचा आयटी आराखडा माझ्याकडे आहे. ऑफिस ते लायब्ररी नेटवर्क जोडायचं आहे, अंतर 180 मीटर. तांब्याची नेटवर्क केबल 100 मीटरपुढे चालत नाही म्हणून मध्ये नेटवर्क स्विच (सिग्नल पुढे पाठवणारा डबा) ठेवला होता. वळवाच्या विजांनी दोन्ही टोकांचे पोर्ट (केबल जोडायची खाच) जळले, अर्थिंग नवीन करूनही. मग वायरलेस लावलं, तर खाऱ्या हवेने कनेक्टर वर्षभरात गंजले.

म्हणून आता फायबरच (प्रकाशातून डेटा नेणारी काचतंतूची केबल), तीही धातूचं कवच किंवा तार नसलेली, म्हणजे वीज तिच्यातून येणार नाही. पण खाली सगळा जांभा, चर खणणं परवडत नाही. खांबांवरून न्यावी तर माडाच्या झावळ्या पडतात. निधी एकदाच मिळणार, चूक झाली तर मुलांचं नुकसान.

गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने पाइपातून नेलेली फायबर कोणाकडे तीन-चार पावसाळे टिकली आहे का? घुशींनी कुरतडू नये म्हणून पाइप कोणता घातलात?