शब्दचर्चा : ‘पोस्ट-अपोकॅलिप्टिक हॉरर’ला मराठीत काय म्हणाल? (आणि त्यातल्या ‘त्यांना’?)

पडद्यामागे :

आमच्या फिल्म क्लबात (क्लब म्हणजे शाळेचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मध्यंतरात चहा) पुढच्या महिन्यात ‘२८ डेज लेटर’ आणि त्याचे पुढचे भाग ओळीने दाखवायचं ठरलंय. मराठी टिपण माझ्या गळ्यात पडलं. पहिली ओळ झाली : “डॅनी बॉइल दिग्दर्शित, अ‍ॅलेक्स गार्लंड लिखित, २००२ सालचा ब्रिटिश...” आणि पुढे गाडी जी अडली ती अडलीच. ‘पोस्ट-अपोकॅलिप्टिक हॉरर’, म्हणजे जग उद्ध्वस्त झाल्यावर मागे उरलेल्यांचा भयपट, याला मराठी शब्दच सुचेना.

एका सभासदाने ‘प्रलयोत्तर भयपट’ सुचवलं. वाचताना पुराणाचा अध्याय उघडल्यासारखं वाटतं. शिवाय प्रलय म्हटलं की सगळंच पाण्याखाली. वटपत्रावरचा बाळ सोडला तर मागे उरतं कोण? इथे तर माणसं उरली आहेत, डबाबंद अन्न शोधत फिरतायत. गोष्टच त्यांची आहे.

दुसरी अडचण चित्रपटात लागण होऊन माणसांवर धावत येणाऱ्या मंडळींची. ‘झोंबी’ (इंग्रजीतले ‘झॉम्बी’, मरून उठलेली प्रेतं) लिहिलं तर आमचे अर्धे सभासद आनंद यादवांची कादंबरी समजून येतील. चित्रपटात त्यांना ‘इन्फेक्टेड’ म्हणतात. मग संसर्गित? बाधित? रोगी? सुचवा.

जुनीवही :

मुद्रितशोधनात पस्तीस वर्षं गेली, म्हणून आधी मूळ शब्दाकडे जाते. ग्रीक ‘अपोकॅलिप्सिस’चा अर्थ नाश नव्हेच. झाकलेलं उघडं करणं, असा तो आहे. मराठी बायबलात शेवटच्या पुस्तकाचं नाव ‘प्रकटीकरण’ आहे, ते अगदी नेमकं. त्या पुस्तकात जगाच्या अंताची वर्णनं आहेत म्हणून शब्दाला पुढे अंताचा वास लागला. ‘कयामत’चंही तसंच, मूळ अर्थ उठणं, उभं राहणं. थडग्यातून मेलेले उठतात ते. म्हणजे झॉम्बीपटाला ‘कयामत’ जास्त शोभेल, पण तुमच्या चित्रपटात कोणी मरून उठतच नाही ना?

पडद्यामागे :

नाही ताई, तिथेच तर सगळा वाद आहे. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत चिंपांझींना पट्ट्यांनी बांधून पडद्यांवर दंगली-मारामाऱ्या दाखवतायत. प्राणिमुक्तीवाले तरुण त्यांना सोडवायला घुसतात. तिथला माणूस गयावया करतो की त्यांना लागण झालीय. कसली, असं विचारल्यावर एकच शब्द सांगतो : रेज. पुढे रक्ताचा किंवा लाळेचा एक थेंब पुरतो आणि माणूस दहा-वीस सेकंदांत बदलतो. मेलेला नाही, जिवंतच आहे, म्हणून उपाशी ठेवलं तर उपासमारीने मरतोही. जुने झॉम्बी पाय ओढत यायचे. हे धावतात.

खेडचा पाऊस :

‘जगबुडी’ कोणीच कसं सुचवलं नाही? साधा, आजीच्या तोंडचा शब्द. ‘जगबुडीनंतरची गोष्ट.’ अर्थात आम्हा खेडवाल्यांना त्याची सवय आहे. आमच्या नदीचंच नाव जगबुडी. पावसाळ्यात दरवर्षी बातमी येते, ‘जगबुडीने धोक्याची पातळी ओलांडली’. मुंबईहून पहिल्यांदाच आलेल्या माझ्या मेहुण्याने ती वाचून बॅग भरायला घेतली होती.

जुनीवही :

छान आहे, पण पुन्हा पाणीच. पडद्यामागे, तुमच्या चित्रपटातलं लंडन बुडालेलं आहे, जळलेलं आहे की नुसतं रिकामं आहे? त्यावर शब्द ठरेल.

पडद्यामागे :

रिकामं. जिम (किलियन मर्फी) हा सायकलवरून पाकिटं पोचवणारा पोरगा. अपघातानंतर बेशुद्ध असतो, अठ्ठाविसाव्या दिवशी इस्पितळात एकटाच जागा होतो. अंगात इस्पितळाचे कपडे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि वेस्टमिन्स्टर पुलावर चिटपाखरू नाही. रस्त्यात दुमजली लाल बस आडवी पडलेली. पायऱ्यांवर नोटा विखुरलेल्या आहेत, त्या तो गोळा करून पिशवीत भरतो. मला तो क्षण सगळ्यात भयानक वाटतो. अजून त्याला कळलेलं नाही की त्या आता नुसत्या कागद आहेत.

हे चित्रीकरण २००१ च्या उन्हाळ्यात पहाटे पहाटे, काही मिनिटांपुरती वाहतूक थोपवून केलं. अँथनी डॉड मँटल या छायालेखकाने कॅननचे मिनी-डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपवर टिपणारे, कॅमेरे वापरले. ते चटकन मांडता येतात, एका वेळी अनेक लावता येतात. चित्र मात्र भरड येतं. कोणीतरी घाबरत घाबरत घरच्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखं.

जुनीवही :

मग तुमचा शब्द ‘बेचिराख’. थांबा, लगेच नाही म्हणू नका. आपण तो ‘जळून राख’ या अर्थाने वापरतो, कारण कानाला त्यात राख ऐकू येते. मूळ आहे बे-चिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लावायला कोणी उरलं नाही ते गाव बेचिराग. महसुली कागदांत अजून ‘बेचिराख गाव’ सापडतं. शिवार आहे, हद्द आहे, नाव आहे, वस्ती नाही. घरं उभी असली तरी चालतील. तुमचं लंडन या अर्थाने शंभर टक्के बेचिराख आहे.

खेडचा पाऊस :

ताई, हे माहीत नव्हतं. पण वाचणारा राखच समजणार.

जुनीवही :

समजू दे. मग ‘ओस’ घ्या. ओस पडलेलं लंडन. आणि ‘ओसाड गावची पाटीलकी’ विसरू नका. त्या मँचेस्टरजवळच्या वाड्यात बसलेला मेजर असतो ना, मूठभर सैनिकांचा पाटील?

पडद्यामागे :

अहो, पाहिलाय की तुम्ही!

जुनीवही :

नातवाबरोबर. डोळे अर्धे मिटून.

गुरांचा डॉक्टर :

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली, त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न मला फार सोपा वाटतोय. आमच्या भागात कोणीही लहान पोर सांगेल. चावतंय, लाळ गळतेय, समोर येईल त्याच्यावर धावतंय, ज्याला चावेल तेही तसंच होतंय. याला ‘पिसाळलेलं’ म्हणतात. संसर्गित कशाला?

पडद्यामागे :

डॉक्टर, माझ्या मनात आलं होतं, पण ते कुत्र्यासाठी आहे म्हणून सोडलं. शिवाय मूळ शब्द ‘रेज’ आहे, म्हणजे संताप.

गुरांचा डॉक्टर :

रेज आणि रेबीज एकाच घरचे. लॅटिन ‘राबीएस’ म्हणजे वेडाचा, क्रोधाचा झटका. त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत रेज आला. फ्रेंचमध्ये आजही या रोगाचं नाव ‘राज’ असंच आहे, लिहितात इंग्रजी रेजसारखंच. तेव्हा लेखकाने शब्द उगाच निवडलेला नाही. इंग्रजीत आज रोग आणि राग असे दोन शब्द झालेत, आपल्याकडे ‘पिसाळणे’ एकाच शब्दात दोन्ही सांभाळतो. फरक एवढाच की खऱ्या रेबीजला लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. सिनेमाला तेवढा वेळ नसतो. सुश्रुताने अशा कुत्र्याच्या विषाला अलर्कविष म्हटलंय, पण ‘अलर्कपट’ लिहिलंत तर हॉल तुमच्या चित्रपटासारखाच दिसेल.

कंदील :

‘चवताळलेले’ का नको? किंवा ‘खवळलेले’?

गुरांचा डॉक्टर :

चवताळायला कोणीतरी डिवचावं लागतं. वाघीण पिल्लाजवळ गेलात तर चवताळते, दूर झालात की शांत होते. खवळणं समुद्राचं, गर्दीचं. संतापलेल्याशी निदान बोलता येतं. पिसाळण्याला कारण नसतं आणि त्यातून परत येणं नसतं. त्या चित्रपटात जिमला भेटलेली सेलिना आपल्याच सोबत्याला जखम झालेली पाहते आणि क्षणात कोयता चालवते. कुत्रं पिसाळलं म्हटल्यावर गाव जे करतं तेच. बरं वाटत नाही सांगायला, पण तसंच असतं.

जुनीवही :

डॉक्टरसाहेब, यात भर घालते. पिसाळ, पिसा, पिसें ही एकाच कुळातली मंडळी. वेडापिसा म्हणतो तोच पिसा. आणि या ‘पिसा’ची व्युत्पत्ती ‘पिशाच’पासून देतात. म्हणजे इंग्रजीत गेली वीस वर्षं भांडण चाललंय की ही भुतं की हे रोगी, आणि आपल्या शब्दात दोघं एकत्र नांदतायत. ‘बाधा’चंही तेच. भूतबाधा आणि विषबाधा शेजारी शेजारी. ‘करोनाबाधित’ लिहिताना आपण बाधेतलं भूत काढून टाकलं, इतकंच.

कंदील :

पण सूर्याजी पिसाळांचं काय? सभासदांत पिसाळ आडनावाचे कोणी असले तर?

पडद्यामागे :

आहेत. खजिनदार.

टाइनकाठ :

उशिरा आलो. मी न्यूकॅसलला असतो, म्हणून तिसऱ्या चित्रपटाबद्दल एक शब्द विचारायचा आहे. ‘२८ इयर्स लेटर’ (२०२५) मधलं बेट म्हणजे लिंडिस्फार्न, होली आयलंड. आमच्याकडून गाडीने तासाभरावर. तिथे जायचा रस्ता दिवसातून दोनदा भरतीखाली जातो. वेळांचा फलक वाचूनच निघायचं. तरी दरवर्षी कोणाची तरी गाडी अडकते. अडकलेल्यांसाठी मध्येच खांबांवर एक लाकडी खोली आहे. चित्रपटात अख्खं गाव या रस्त्याच्या भरवशावर जगतं. ओहोटीला बारा वर्षांचा स्पाइक बापाबरोबर पलीकडे जातो, पहिली शिकार करायला, आणि परतताना पाणी वर चढत असतं. अशा रस्त्याला मराठी शब्द?

खेडचा पाऊस :

मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याचा रस्ता अगदी असाच आहे, पण आपण त्याला नुसतं ‘हाजी अलीचा रस्ता’ म्हणतो. कोकणात ओहोटीला सुकती म्हणतात. ‘सुकतीची वाट’ म्हणा. नाहीतर सरळ ‘भरतीला बुडणारी वाट’. जगबुडीचा शब्द शेवटी इथे कामाला आला बघा!

कंदील :

मधल्या चित्रपटाबद्दल कोणी बोलत नाही. ‘२८ वीक्स लेटर’, २००७, दिग्दर्शक हुआन कार्लोस फ्रेस्नादियो. त्यात लागण होऊनही लक्षणं नसलेली आई आहे. तिला ‘वाहक’ म्हणायचं का?

जुनीवही :

एसटीत बसल्यासारखं वाटेल. ‘रोगवाहक’ लिहा.

पडद्यामागे :

त्या भागाबद्दल कमी बोललं जातं, कारण बॉइल-गार्लंड जोडी तिथे दिग्दर्शन-लेखनात नव्हती. पण सुरुवातीची दहा मिनिटं, बायकोला घरात टाकून शेतातून पळत सुटलेला नवरा, याला तोड नाही. पुढे ‘महिन्यांनी’ नावाचा भाग येणार अशी चर्चा वर्षानुवर्षं चालली, तो झालाच नाही. दिवस, आठवडे, आणि एकदम वर्षं. २०२५ मध्ये जोडी परत आली, मँटलही परत आले. मिनी-डीव्हीच्या जागी या वेळी बराच भाग आयफोनवर, कधी एकाच चौकटीत वीस-वीस फोन बसवून. आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी पॅरिसपर्यंत पोचलेली साथ युरोपातून हटवून ब्रिटनला तेवढं कोंडून टाकलं आहे, असं सुरुवातीच्या पाटीतच सांगून मोकळे होतात.

आता शीर्षकं. ‘२८ दिवसांनी’ की ‘२८ दिवसांनंतर’?

जुनीवही :

‘दिवसांनी’. ‘नंतर’ म्हटलं की कशाच्या नंतर, हा प्रश्न येतो. ‘अठ्ठावीस दिवसांनी’ म्हटलं की माणूस दारात उभा राहिल्यासारखा वाटतो. चार दिवसांनी आला, बारा वर्षांनी आला, तसं.

टाइनकाठ :

आणि चौथा? ‘द बोन टेंपल’, निया डाकोस्टा दिग्दर्शित, जानेवारी २०२६. ‘हाडांचं देऊळ’ चालेल?

गुरांचा डॉक्टर :

हाडं कुत्रं चघळतं. आधीच पिसाळलेले म्हटलंय, त्यात आणखी हाडं नकोत.

पडद्यामागे :

मुद्दा बरोबर आहे. रेफ फाइन्सने केलेला डॉक्टर केल्सन प्रेतं जाळतो, कवट्या स्वच्छ करतो आणि मनोरे रचतो. निरोगी कोण, पिसाळलेला कोण, असा भेद करत नाही.

जुनीवही :

मग त्या अस्थी झाल्या. जिवंत असताना हाडं असतात, चिता विझल्यावर वेचून घेतो त्या अस्थी. हाडं मोडतात, अस्थींना हात जोडतात. ‘अस्थिमंदिर’ लिहा. समासात ‘स्थि’ ऱ्हस्व, सुटी लिहाल तेव्हा ‘अस्थी’ दीर्घ.

पडद्यामागे :

फळ्यावर लिहिलं, बघा :

“ओस पडलेलं लंडन. पिसाळलेली माणसं. आणि अठ्ठावीस दिवसांनी जागा झालेला एकजण. भयपटांची मालिका, भाग पहिला. वेळेवर यावे.”

‘प्रलयोत्तर’ कुठेच लागलं नाही.

कंदील :

‘पिसाळलेली माणसं’च्या खाली खजिनदारांची सही येणार आहे का?

पडद्यामागे :

वर्गणीच्या पावतीवर येते. फळा वेगळा आहे. तरी त्यांना आधी फोन करतो.