मदत हवी आहे: ड्रममध्ये कचरा नीट जळत नाही, धूर फार होतो

मोकळी_गच्ची:
२०० लिटरच्या पत्र्याच्या ड्रममध्ये घरचा कचरा जाळतो. हल्ली नीट पेटतच नाही. वरवर ज्वाळा येते, पाच मिनिटांत विझते आणि मग दोन तास नुसता धुमसत राहतो. तळाला काळा चिकट गोळा उरतो. आणखी भोकं पाडू की वर धुराडं बसवू? लवकर सांगा, शेजारी रोज भांडायला येतात. उपदेश नको, उपाय हवा.

पत्राकाम:
ड्रममध्ये नेमकं काय जातं? ओलं किती, सुकं किती? भोकं कुठे आहेत? राख कुठे टाकता? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मोकळी_गच्ची:
घरचा कचरा हो, सगळ्यांच्या घरी निघतो तोच. तळाला सहा भोकं आहेत. धुराडं बसवू का, तेवढं सांगा.

भट्टीवाला:
धुराडं नको. ड्रम चार विटांवर चढवा, खालच्या वीतभर भागात चहूबाजूंनी २५ मिमीची १०-१२ भोकं पाडा आणि एका बाजूने छोटा ब्लोअर जोडा. हवा पुरली की धूर थांबतो.

पत्राकाम:
ब्लोअर अजिबात लावू नका. दिसणारा धूर कमी होईल, पण बारीक राख वर उडून शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि लोकांच्या नाकात जाईल. अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात, ते डोळ्यांना दिसतही नाहीत. आणि ओला कचरा असेल तर कितीही हवा मारा, धुमसणारच. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम सुक्या लाकडाची सगळी आच. भाज्यांच्या सालींत पाऊण हिस्सा पाणीच असतं.

भट्टीवाला:
आच वाढली की विषारी वायू जळून जातात. मोठ्या दहन भट्ट्या त्याच तत्त्वावर चालतात ना?

पत्राकाम:
फक्त तेवढ्यावर नाही. तिथे धूर ८५० अंश सेल्सिअसला निदान २ सेकंद ठेवतात. मग तो झपाट्याने थंड करतात, कारण साधारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात क्लोरीन, अर्धवट जळलेला कार्बन आणि तांब्याचे कण एकत्र आले की राखेच्या कणांवर डायऑक्सिन, म्हणजे शरीरात साठून राहणारे अतिविषारी पदार्थ, नव्याने तयार होतात. त्यानंतर विषारी वायू शोषणारा सक्रिय कार्बन आणि कण अडवणाऱ्या कापडी गाळण्या असतात. ड्रममध्ये यातलं काहीच नाही. शिवाय धुमसणाऱ्या ड्रममध्ये तापमान बराच वेळ नेमकं त्याच पट्ट्यात रेंगाळतं. पीव्हीसीच्या, म्हणजे वायरींच्या आवरणाच्या प्लास्टिकच्या, वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. वायरीचा एक तुकडा पडला तर क्लोरीनही आला आणि तांबंही. टिकाऊ विषारी रसायनांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम आंतरराष्ट्रीय करारातही उघड्यावर कचरा जाळणं हा डायऑक्सिनचा स्रोत म्हणून नोंदवलेला आहे.

रातराणी२२:
अंधार पडल्यावर जाळत जा, कोणाला दिसत नाही.

निळी_कुंडी:
हा सल्ला घातक आहे. संध्याकाळनंतर वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होते आणि धूर वर न जाता खिडक्यांच्या उंचीवरच साचतो. लोक झोपलेले असताना तो घरात शिरतो. दम्याच्या माणसाला रात्रभर त्रास.

गांडूळमित्र:
लाकडाची राख कंपोस्टमध्ये थोडीच घाला, थरावर मूठभर. ती अल्कधर्मी असते, जास्त झाली की नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

पत्राकाम:
हे इथे कोणी विचारलेलंच नाही. शिवाय धागाकर्त्याची राख निव्वळ लाकडाची नाही, हे वाचणाऱ्यांनी कृपया ध्यानात घ्या.

मोकळी_गच्ची:
बरं, सांगतो. भाज्यांची सालं, उरलंसुरलं, कागद, पिशव्या, चकचकीत वेष्टनं, गोळ्यांची पाकिटं, डायपर, कधी जुनी वायर. रंगवलेल्या लाकडाचे तुकडेही. राख पालेभाजीच्या वाफ्यात टाकतो, खत म्हणून.

निळी_कुंडी:
राख टाकणं आजपासून बंद करा! जुन्या रंगात शिसं असू शकतं, प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक. धातू जळत नाहीत, राखेत साठतात. त्या वाफ्यातली पालेभाजी आणि कंदमुळं खाऊ नका, मातीची शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिकसाठी तपासणी करून घ्या. कोंबड्या मोकळ्या सोडत असाल तर त्यांनाही तिथून लांब ठेवा. त्या माती टिपतात आणि डायऑक्सिन अंड्याच्या बलकात उतरतात.

गांडूळमित्र:
आता मूळ अडचण. ओलं वेगळं काढलं की जाळण्यासारखं फारसं उरतच नाही. झाकणाचे दोन प्लास्टिकचे ड्रम घ्या, बाजूला आणि तळाला ८-१० मिमीची भोकं, दर वीतभर एक. तळाला काड्यांचा १५ सेंटिमीटरचा थर. मग एक बादली बारीक चिरलेल्या ओल्या कचऱ्यावर दोन बादल्या सुका पाला, वरचा थर कायम पाल्याचाच. आठवड्यातून एकदा खालीवर करा. मूठभर घेऊन पिळल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी, अमोनियाचा म्हणजे पाला कमी. एक भरला की दुसरा सुरू. पहिला अडीच-तीन महिन्यांत तयार.

भट्टीवाला:
आणि डायपर, चकचकीत वेष्टनं? ती खत होणार नाहीत.

पत्राकाम:
नाहीत. डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. आतली जेल पाणी धरून ठेवते, त्यानेही तुमची आग विझते. चकचकीत वेष्टनांत प्लास्टिकला ॲल्युमिनियमचा थर चिकटलेला असतो. जळाल्यावर वितळलेलं प्लास्टिक, फॉइल आणि वायरीचे तुकडे मिळून तोच तुमचा काळा गोळा. कोरडी वेष्टनं एका पोत्यात दाबून भरा आणि सुक्या कचऱ्यात द्या, महिनाभर ठेवली तरी वास येत नाही. कागद आणि धुतलेल्या पिशव्या भंगारात.

मोकळी_गच्ची:
तळाचा गोळा आणि ड्रममधली राख आता कुठे टाकू? नाल्यात चालेल?

पत्राकाम:
नाल्यात नको, खड्ड्यातही नको. राख पूर्ण थंड झाल्यावर एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे घालून पाण्याने ओलसर करा, म्हणजे उडणार नाही. गोळ्यासकट दोन जाड पिशव्यांत एकात एक भरा, तोंड बांधून "राख, घातक" अशी चिठ्ठी लावा आणि घातक घरगुती कचरा जिथे घेतात तिथे द्या. ड्रम कंपोस्टसाठी वापरू नका, भंगारात घाला.