कोचीत कसे फिरलात? नाशिककरांनो, अनुभव सांगा

इंदिरानगर

येत्या डिसेंबरात कोचीला जातोय. मी, नवरा, 71 वर्षांच्या सासूबाई (गुडघे जेमतेम) आणि आठवीतला चिरंजीव. तशी मी एकदा जाऊन आलेय, पण त्याला जाणं म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. सात दिवसांत आख्खं केरळ दाखवणाऱ्या सहलीत कोचीच्या वाट्याला अर्धा दिवस आला होता. बसच्या काचेतून एक पूल बघितला, मग दुसरा पूल बघितला. मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी वीस मिनिटं आणि मसाल्याच्या दुकानात पाऊण तास. दुकानदाराचं आणि आमच्या गाईडचं नातं काय, ते वेलदोड्याच्या भावावरून कळलं. समोर सारख्या बोटी ये-जा करत होत्या, एकीतही बसलो नाही. ते मनात राहिलंय.

हॉटेलांची नावं नकोत. कसे फिरलात, कुठे दमलात, कुठे फसलात, ते लिहा.

नाशिकरोड

ताई, आधी गाडीचं बघा. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस आपल्या नाशिकरोडला थांबते आणि थेट एर्नाकुलम जंक्शनला नेऊन सोडते. मुंबईला जाऊन गाडी बदलायची भानगड नाही. दिवसभराहून जास्त प्रवास आहे, दशम्या-चटणी घ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, डिसेंबरात तो प्रश्न नाही. तिकडचे लोक एर्नाकुलम जंक्शनला 'साऊथ' म्हणतात आणि एर्नाकुलम टाऊनला 'नॉर्थ'. परतीच्या तिकिटावर नीट वाचा. आम्ही परत येताना नॉर्थला जाऊन उभे राहिलो, गाडी साऊथची. पोचलो गाडीवर, पण कसे ते विचारू नका.

दुसरं म्हणजे, कोची हे एकसलग गाव नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. स्टेशन, बाजार, मेट्रो, हायकोर्ट सगळं एर्नाकुलमला. जुनं बंदर म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टंचेरी, ते पाण्यापलीकडे. मधे विलिंग्डन बेट. हे बेट बरंचसं माणसांनी केलेलं: गेल्या शतकात 1920 नंतर बंदर खोल करताना जो गाळ उपसला, तो टाकून. रस्त्याने जायचं तर पूल ओलांडत, बेटावरून वळसा घेत 12-13 किलोमीटर. पाण्यातून वीसेक मिनिटं.

पहिल्या दिवशी मी नाशिककराच्या बुद्धीने रिक्षा केली. सिग्नलला थांबत थांबत तास गेला, चारशे रुपये गेले. संध्याकाळी परत येताना सरकारी बोटीत बसलो. दोघांच्या तिकिटांना मिळून वीसची नोटसुद्धा पुरून उरली. हिने तो हिशोब मला नाशिकरोड येईपर्यंत ऐकवला.

बोट साधीच असते. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, ऑफिसातून सुटलेली माणसं, भाजीच्या पिशव्या. आपण बाहेर बघत बसतो आणि बाकीची बोट मोबाईलमध्ये. मला सगळ्यात आवडली ती घंटा. वर सुकाणूवाला दोरी ओढतो, खाली इंजिनपाशी टण्णकन वाजते आणि त्यावर खालचा माणूस वेग कमी-जास्त करतो. खालच्याला समोरचं काही दिसत नसतं, सगळा कारभार घंटेवर. धक्का जवळ आला की एक पोरगा उडी मारतो आणि खुंट्याला दोर गुंडाळतो. दोन वेढे, तिसरा नाही. तो दोर ताणला जाताना करकरतो, ते ऐकायला मी विनाकारण तीन फेऱ्या मारल्या.

गंगापूर रोड

मी एकटी गेले होते, मागच्या वर्षी. काका म्हणतात ती बोट छानच, पण सासूबाईंसाठी वॉटर मेट्रो घ्या. एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली, आणि हायकोर्ट ते फोर्ट कोची मार्ग 2024 पासून. बॅटरीवर चालते, आतून वातानुकूलित, आणि मुख्य म्हणजे धक्का तरंगता आहे. भरती असो की ओहोटी, धक्का आणि बोट एका पातळीवर राहतात, व्हीलचेअरसुद्धा सरळ आत जाते. मी गेले तेव्हा तिकीट 40 रुपये होतं. बोट शंभरेक माणसांची, त्याहून जास्त घेत नाहीत. त्यामुळे सुट्टीच्या संध्याकाळी परतीला मोठी रांग लागते. मी तासभर उभी होते.

पण काचा बंद. खारा वास नाही, डिझेलचा नाही, माशांचाही नाही. मला जरा मॉलमध्ये बसून समुद्र बघितल्यासारखं वाटलं. जाताना वॉटर मेट्रो, येताना जुनी बोट, असं करा.

फोर्ट कोचीहून समोरच्या वायपिनला रो-रो बोट जाते, गाड्या-माणसं एकत्र. पाचेक मिनिटांचा प्रवास, तिकीट किरकोळ. आठवीतल्या चिरंजीवांना हीच आवडेल, लिहून घ्या.

सिडको

आमची फजिती वाराची. शुक्रवारी सकाळी मट्टंचेरीचा राजवाडा बघायला गेलो, तर शुक्रवारी बंद. म्हटलं उद्या येऊ, तेव्हा सिनेगॉगपण (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) परत निवांत बघू. शनिवारी सिनेगॉग बंद, त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार. दोन्ही ठिकाणं पाच मिनिटांच्या अंतरावर. दोन दिवस गेलो आणि दोन्ही दिवस एकेकच बघितलं. त्यातही शुक्रवारी दुपारी सिनेगॉगचं दार आमच्यामागे लावलंच त्यांनी.

रिक्षावाला 'शंभर रुपयात सगळं फोर्ट कोची' म्हणाला तर बसू नका. तीन एम्पोरियम फिरवली. आम्ही काही घेत नाही म्हटल्यावर तिसऱ्या दुकानाबाहेर तो गायब. आपल्याकडे पंचवटीत यात्रेकरूंना असंच फिरवतात म्हणा, तेव्हा कुठल्या तोंडाने तक्रार करू.

फोर्ट कोची चालत बघण्याएवढंच आहे. सायकली भाड्याने मिळतात.

पंचवटी, काळाराम मंदिराजवळ

आम्ही शाकाहारी, त्यामुळे धाकधूक होती. पहिल्याच खानावळीत पाणी आलं ते गुलाबी आणि गरम. मी परत पाठवायला निघाले होते. शेजारच्या बाई हसल्या, खुणेने 'प्या' म्हणाल्या. पतिमुगम नावाच्या लाकडाचे तुकडे टाकून उकळतात म्हणे. तिकडे घरोघरी हेच. दोन दिवसांनी साधं पाणी फिकं वाटायला लागलं. भात जाड, तांबूस, आपल्या आंबेमोहोरवाल्यांना जड जातो. सकाळी पुट्टू (तांदळाच्या पिठाचा, वाफवलेला) आणि काळ्या चण्यांची उसळ खा, दुपारपर्यंत भूक नाही.

मट्टंचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधून कोचीच्या राजाला दिला. 1663 मध्ये डचांनी गाव घेतलं, मग डागडुजी केली, आणि नाव पडलं डच पॅलेस. बांधला एकानं, नाव दुसऱ्याचं! आत राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण रंगवलंय, दशरथाच्या यज्ञापासून राम अयोध्येला परतेपर्यंत. माझ्या डोक्यात एकच, आपली पंचवटी कुठेय? उजेड कमी, माणसं एकमेकांत गुंतलेली, मुकुटांची इतकी गर्दी की लक्ष्मण कुठला आणि भरत कुठला कळेना. रखवालदार तीनदा 'पुढे चला' म्हणाला. चौथ्यांदा माझ्या जाऊबाईंनी त्याला मराठीत सुनावलं, 'अहो, आमच्या गल्लीतली गोष्ट आहे ही.' त्याला काय कळलं देव जाणे, पण नंतर काही बोलला नाही.

आणखी एक. चेरलाईला गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्थान आहे. ही मंडळी पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून बाहेर पडली, त्यातली कित्येक इथे स्थिरावली. देवळाच्या दारात दोन म्हाताऱ्या कोकणीत भांडत होत्या. चार दिवस कानावर मल्याळम पडल्यावर ते भांडणसुद्धा गोड लागलं. अर्धं समजलं, विषय सुनेचा होता.

पिंपळगाव बसवंत

आपलं जाणं फिरायला नाही, वसुलीला. कांदा जातो तिकडं. एर्नाकुलमच्या मार्केटमध्ये आपल्या कांद्याला 'सवाळा' म्हणतात. 'उळ्ळी' म्हणाल तर ते बारके सांबारातले कांदे काढून देतील. मट्टंचेरीच्या बाजार रोडवर जुनी गोदामं आहेत, मागचं दार थेट पाण्यावर. पूर्वी माल बोटीतून आत यायचा आणि पुढच्या दाराने बैलगाडीत जायचा. आता ट्रक येतो आणि रस्त्यात अडकतो. सकाळी सातच्या आत गेलात तर आलं-मिरीचा वास नाकात बसेल, नऊनंतर नुसता हॉर्न. पैसे? निम्मे मिळाले.

पाथर्डी फाटा

इथून पांडवलेणी दिसतात, म्हणून हे लिहितोय, विषय सोडून वाटला तर क्षमा. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, एकोणीसशे वर्षं तरी जुना. त्यात त्याने केलेली दानं मोजून सांगितली आहेत. भरुकच्छ आणि शूर्पारक, म्हणजे भडोच आणि आपलं सोपारा, या बंदरांच्या गावी धर्मशाळा. शिवाय तापी, दमण, डहाणुका वगैरे सहा नद्यांवर फुकट नावा! नाशिकच्या डोंगरात बसून माणूस होड्यांचा हिशोब लिहितोय. शाळेत पोरांना सांगायचो तेव्हा ती जांभया द्यायची.

कोचीत सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर बघायला गेलो. तो 1524 मध्ये कोचीतच वारला, 1539 मध्ये हाडं पोर्तुगालला नेली, म्हणजे आता कठड्याआड नुसती फरशी आहे. लोक रिकाम्या जागेचे फोटो काढतात. मीही काढला. मला जास्त अडकवलं ते सिनेगॉगच्या जमिनीने. 1568 ची इमारत, खाली अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, हाताने रंगवलेल्या. एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. मी तपासायला लागलो. चौदाव्या फरशीपर्यंत फरक सापडले, मग मागून माणसं ढकलायला लागली.

आणि हे बंदर झालं कसं, तर सर्वसाधारण समजूत अशी की 1341 मध्ये पेरियारला महापूर आला, मुझिरीसचं जुनं बंदर बसलं आणि इकडे कोचीचं तोंड उघडलं. आपल्याकडे पूर आला की दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघतो, तिकडे बंदरच हललं.

सातपूर

चिनी जाळ्यांवर म्हातारा कोळी बोलावतो, 'या, दोर ओढा.' पाच-सहा जण मिळून ओढतात, मोठमोठे दगड दोराला टांगलेले असतात, त्या वजनाने आख्खं जाळं पाण्याबाहेर येतं. मी फिटर आहे, मला ते काउंटरवेट बघूनच आनंद झाला. ओढून झालं की शंभर रुपये मागतो. आमच्या खेपेला जाळ्यात मूठभर मासळी, एक चप्पल आणि पाणवनस्पती. त्यापेक्षा माझ्या शंभरातच त्यांचा दिवस भागत असेल. देऊन टाका.

इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. गुरुवारी पोचून राजवाडा आणि सिनेगॉग त्याच दिवशी, हे ठरलं. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांना वॉटर मेट्रो नको, घंटेवाली बोटच हवी. फक्त विचारतायत, चढायला फळी असते की पायरी?

नाशिकरोड

दोन्ही नाही, सरळ पाऊल टाकायचं. बोट धक्क्यापाशी वरखाली होते, वर आली की टाका. दोरवाला पोरगा हात देतो. त्यांना म्हणावं, पिशवी आधी नातवाकडे द्या.