शब्दचर्चा : ताळा, जुळवणी, पडताळणी आणि ‘अभिसरण’ नेमके कशाचे?

भाषांतर-टेबल

स्लॅबच्या छतावर पांढरा रंग दिला तर नागपूरच्या मे महिन्यात खोली किती थंड राहील, अशा एका संगणकीय अभ्यासाचा मराठी अहवाल करून राहिलो आहे. वाचणारे म्हणजे महापालिकेचे अभियंते आणि घरमालक. मूळ अहवालात व्हेरिफिकेशन, कॅलिब्रेशन आणि व्हॅलिडेशन असे तीन विभाग आहेत. पहिल्याला आणि तिसऱ्याला हात आपसूकच ‘पडताळणी’ लिहितो, मधल्याला ‘अंशांकन’. तिन्ही मिळून ‘तपासणी’ असा एकच विभाग केला तर चालेल काय? आणि मॉडेलला प्रारूप म्हणावे की प्रतिमान?

जाळीवाला

एकच विभाग करू नका भाऊ. तिन्ही कामे वेगळी आहेत आणि घोळ नेमका तिथेच होतो.

व्हेरिफिकेशन म्हणजे समीकरण बरोबर सोडवले की नाही ते पाहणे. यात छत, ऊन, थर्मामीटर काहीच लागत नाही. त्याला ‘ताळा’ म्हणा. शाळेत गुणाकाराचा करायचो तोच. तुमच्या अभ्यासात तो असा करता येतो : काँक्रीटची थर्मल डिफ्युझिव्हिटी (तापमानातला बदल किती झपाट्याने आत पसरतो ते) ०.६९ चौरस मिमी प्रति सेकंद धरा आणि पृष्ठभागावर २४ तासांचे साइन-लाटेसारखे तापमान द्या. खूप जाड काँक्रीटसाठी याचे नेमके उत्तर कागदावर काढता येते. १३८ मिमी खोलीवर तापमानाचा चढउतार पृष्ठभागावरच्या चढउताराच्या ३७ टक्क्यांवर येतो आणि कमाल तापमान ३ तास ४९ मिनिटे उशिरा येते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये मीटरभर जाडी घ्या आणि लागोपाठच्या दोन दिवसांचे आलेख एकावर एक बसेपर्यंत रन चालू द्या. सुरुवातीच्या दिवसांचे आकडे टाकून द्यायचे, कारण त्यांत आपण गृहीत धरलेल्या प्रारंभिक तापमानाचा अंश असतो. मग हे दोन आकडे आले की ताळा जमला.

व्हॅलिडेशन म्हणजे निवडलेले समीकरण खऱ्या छताला लागू पडते का ते पाहणे. इथे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, लागतात. ‘पडताळणी’ हा शब्द याच्यासाठीच राखून ठेवा.

छप्पर-अभियंता

मधल्या विभागावर मी जास्त जोर देईन. अंशांकन हे उपकरणाचे असते. थर्मामीटरवर खुणा करतात ते. मॉडेलच्या कॅलिब्रेशनमध्ये आपण माहीत नसलेले गुणांक हलवून उत्तर मोजमापाला बसवतो. त्याला ‘जुळवणी’ म्हणावे. शब्द थोडा घरगुती वाटेल, पण वाचणाऱ्याला लगेच कळते की आकडे मुद्दाम जुळवलेले आहेत. ‘अंशांकन केले’ म्हटले की उगाच प्रयोगशाळेचा शिक्का बसल्यासारखे वाटते.

फरक का पडतो ते आकड्यांतच बघा. छताला ऊन आणि हवा मिळून जे तापमान जाणवते, ते साधारणपणे हवेचे तापमान अधिक (शोषणांक × ऊन ÷ पृष्ठभागाचा उष्णता गुणांक) असे काढतात. शोषणांक म्हणजे पडलेल्या उन्हापैकी छत किती हिस्सा शोषते, आणि गुणांक म्हणजे पृष्ठभागावरून हवेत उष्णता किती सहज जाते. हवा ४४ अंश, ऊन ९०० वॅट प्रति चौरस मीटर. शोषणांक ०.७ आणि गुणांक २० धरला तर ७५.५ अंश येते. आता शोषणांक ०.५२५ आणि गुणांक १५ धरा. उत्तर तेच, ७५.५. म्हणजे दुपारच्या मोजमापाला दोन्ही जोड्या सारख्याच चपखल बसतात.

आता रंग द्या, म्हणजे शोषणांक ०.३ करा. पहिल्या जोडीत हे तापमान १८ अंशांनी उतरते, दुसरीत १३.५ अंशांनी. रंगाचा खर्च परवडतो की नाही हे ज्या आकड्यावर ठरायचे, त्यातच साडेचार अंशांचा फरक! जुळवणी दोन्हीकडे ‘उत्तम’ होती. म्हणून जुळवणीला वापरलेले दिवस पडताळणीला वापरायचे नाहीत. शक्यतो वेगळ्या परिस्थितीतले मोजमाप घ्यायचे : रात्रीचे, वाऱ्याच्या दिवसाचे, आणि रंग दिलेल्या एखाद्या छताचे. त्यातही नवा रंग आणि धूळ बसलेला रंग यांचा शोषणांक वेगळा असतो. आपल्याकडच्या धुळीत हे विसरून चालत नाही.

अहवालात एकच ‘तपासणी’ विभाग ठेवला तर जुळवलेला आलेख पडताळणी म्हणून खपतो. मूळ लेखकाने वेगळे विभाग ठेवले असतील तर भाषांतरात ते एकत्र करण्याचा हक्क आपल्याला नाही, असे माझे स्पष्ट मत.

भाषांतर-टेबल

पटले. पुढची अडचण. एका वाक्यात ‘सोल्यूशन कन्व्हर्ज झाले’ आहे, तिथे मी ‘अभिसरण पूर्ण झाले’ लिहिले. त्याच पानावर ‘खोलीतील हवेचे अभिसरण’ही आहे.

जाळीवाला

हा सापळा आहे. बालभारतीच्या पुस्तकात उष्णतेचे वहन, अभिसरण, प्रारण असे तीन मार्ग येतात. तिथे अभिसरण म्हणजे कन्व्हेक्शन. रक्ताभिसरणातही अर्थ फिरण्याचाच. उष्णतेच्या अहवालात ‘अभिसरण पूर्ण झाले’ वाचून अभियंता समजेल की हवा फिरायची थांबली. अभिसरण हा शब्द कन्व्हेक्शनलाच ठेवा.

गणित-कट्टा

गणितात अभिसारी श्रेणी म्हणतात, त्यावरून ‘अभिसारिता’ घेता येईल. पण उन्हाच्या अहवालात अभिसारिका डोकावेल याला माझा इलाज नाही.

जाळीवाला

तिला राहू द्या घरी! ‘उत्तर स्थिरावले’ लिहावे असे कोणी सुचवेल, तेही टाळा, कारण ते स्टेडी स्टेटला, म्हणजे वेळेनुसार न बदलणाऱ्या स्थितीला, लागते. मी सरळ ‘कन्व्हर्ज झाले’ लिहीन, आणि कशाच्या बाबतीत हे प्रत्येक वेळी सांगीन. कारण कन्व्हर्जन्स दोन आहेत आणि मूळ लेखकसुद्धा अनेकदा मोघम लिहितात.

पहिला, एकाच जाळीवर (हिशेबासाठी जागेचे पाडलेले लहान भाग) पुन्हापुन्हा आकडेमोड करताना रेसिड्यूअल, म्हणजे समीकरणात उरलेली तफावत, खाली येणे. ते हजारपटीने उतरले म्हणून थांबू नये. तापलेल्या हवेच्या मंद प्रवाहात रेसिड्यूअल खाली असूनही छताखालचे तापमान सरकत राहते. ते तापमान वेगळे काढून बघावे लागते.

दुसरा, जाळी बारीक करत गेल्यावर उत्तर बदलायचे थांबणे. समजा प्रत्येक वेळी जाळीचे घर निम्मे करत तीन जाळ्या घेतल्या आणि कमाल तापमान ५२.०, ५०.४, ५०.० आले. पहिला फरक १.६, दुसरा ०.४, म्हणजे चौपट घट. घर निम्मे केल्यावर चूक चौपट घटते, तेव्हा पद्धत दुसऱ्या कोटीची. मग अगदी बारीक जाळीचे उत्तर ५०.० वजा ०.४ ÷ ३, म्हणजे सुमारे ४९.९. हे तिन्ही आकडे अहवालात छापलेले असावेत. ‘जाळीचा परिणाम तपासला’ एवढ्या एका वाक्यावर विश्वास ठेवू नका. फरक घटण्याऐवजी वर-खाली होत असेल तर हा हिशेबच लागू नाही.

छप्पर-अभियंता

वेळेच्या टप्प्याचीही ओळ घाला. १२५ मिमी स्लॅबचे दहा भाग केले की प्रत्येक १२.५ मिमीचा. साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढच्या क्षणाचे तापमान थेट आधीच्या क्षणावरून काढतात ती) टप्प्याची मर्यादा म्हणजे एका भागाच्या जाडीचा वर्ग भागिले दुप्पट डिफ्युझिव्हिटी : १५६.२५ ÷ १.३८, सुमारे ११३ सेकंद. पण हे आतल्या नोडसाठी, म्हणजे तापमान काढायच्या आतल्या बिंदूंसाठी. वरच्या पृष्ठभागावर हवेचा गुणांक २० आणि काँक्रीटची वाहकता १.५ धरली तर मर्यादा ९७ वर येते. बरेच जण ११० धरून रन टाकतात, मग पृष्ठभागाचे तापमान दातेरी होऊ लागले की उन्हाच्या नोंदींना दोष देतात. आणि जाळी निम्मी केली की टप्पा निम्मा करून भागत नाही, चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो.

सांडवा

मॉडेल राहिले. ‘प्रारूप’ला माझा विरोध आहे. विज्ञानाच्या पुस्तकात अणुप्रारूप चालते, पण महापालिकेत ‘प्रारूप विकास आराखडा’, ‘प्रारूप मतदार यादी’ म्हणजे हरकती मागवण्याआधीचा मसुदा. तुमचे वाचक तेच. ‘छताचे प्रारूप’ वाचले की विचारतील, अंतिम कधी येणार? गणिती मॉडेलला ‘प्रतिमान’, नाहीतर सरळ मॉडेल. ‘प्रतिकृती’ मात्र लहान आकारात खरोखर बांधलेल्या वस्तूलाच.

प्रतिकृतीचे नियम वेगळे असतात. धरणाच्या सांडव्याची १:५० प्रतिकृती केली तर फ्राउड अंक (वेग आणि गुरुत्वाकर्षण यांचा मेळ) सारखा ठेवतात. वेग सुमारे ७ पट कमी, विसर्ग १७,६७८ पट कमी. १,००० घनमीटर प्रति सेकंदाचा पूर प्रतिकृतीत ५७ लिटर प्रति सेकंदावर येतो. पण पाणी तेच असल्याने रेनॉल्ड्स अंक (वेग आणि पाण्याची चिकटी यांचा मेळ) जुळत नाही, आणि थर फार पातळ झाला की पृष्ठताण डोके वर काढतो. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिथल्यासारख्या मोठ्या प्रतिकृती बांधायचे हेही एक कारण.

सिम्युलेशनला ‘सदृशीकरण’ पहिल्यांदा एकदा लिहा, पुढे सिम्युलेशन. ‘अनुकरण’ नको, ती नक्कल वाटते.

हवामापी

छताचा अहवाल संपला की पुढचा बहुधा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीच्या धुराचा येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ‘काम (calm) विंड’ला ‘निर्वात स्थिती’ लिहू नका. भौतिकशास्त्रात निर्वात म्हणजे पोकळी, व्हॅक्यूम. ‘वारा पडलेला’ लिहा.

ती स्थिती तशीही तळटीपेत ढकलण्याजोगी नाही. धुराच्या गाउस सूत्रात वाऱ्याचा वेग भाजकात असतो, वेग शून्याकडे गेला की प्रदूषणाचा आकडा अफाट फुगतो. म्हणून अशा तासांना काही प्रोग्रॅम वगळतात, काही किमान वेग धरतात. थंडीत पहाटे वारा पडतो आणि नेमके तेव्हाच प्रदूषण साचते, त्यामुळे कोणता मार्ग घेतला आणि किती तास वगळले हे मराठीतही मुख्य मजकुरात यायला हवे.

भाषांतर-टेबल

घेतले. तक्त्यात ताळा, जुळवणी, पडताळणी याच क्रमाने टाकतो. कन्व्हर्ज तसेच ठेवतो आणि प्रत्येक ठिकाणी ‘रेसिड्यूअलच्या बाबतीत’ की ‘जाळीच्या बाबतीत’ ते जोडतो. मूळ अहवालात तीन जाळ्यांचे आकडे दिसत नाहीत, ते लेखकाकडून मागवतो.