तेराव्यानंतर मामींना लगेच पुण्याला न्यावं का?

सुदामानगर_भाची
मामा गेले त्याला तीन आठवडे झाले. मामी ७१ वर्षांच्या, इंदूरला रामबागेतल्या जुन्या घरात एकट्या. मामेभाऊ पुण्यात, दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलगा नववीत. मामेबहीण बडोद्याला. भाऊ म्हणतो, महिना संपायच्या आत आईला घेऊन जातो आणि घर विकायला काढतो. मामी "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच बोलतात. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, आणि मामांना सरकारी पेन्शन होती. घाई करावी की थांबावं? थांबलो तर इथे काय बघायचं? आणि नेलं तर तिकडे नाती बिघडू नयेत म्हणून आधी काय ठरवायचं?

ओटला
"तुम्ही म्हणाल तसं" हा होकार धरू नका. जोडीदार गेल्यावर सुरुवातीला नाही म्हणायचीसुद्धा ताकद नसते. घराचा निर्णय त्या अवस्थेत नको.

होम्स आणि राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, पैशाच्या परिस्थितीतला बदल ३८, राहणीतला बदल २५, घर बदलणं २०, उठबस बदलणं १८. महिन्याभरात पुण्याला नेलंत की हे सगळं एकदम, म्हणजे २०१. थांबलात तर शेवटच्या तिन्हींचे ६३ पुढे जातात. आकडे अमेरिकेतले आहेत, पण गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भारतासाठी ५१ घटनांची यादी केली, तिच्यातही जोडीदाराचा मृत्यूच ९५ गुणांनी सगळ्यात वर आहे. गुणांचा हिशोब फार ताणू नका. एका घावावर दुसरा नको, एवढं त्यातून घ्या. ब्रिटनमध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची पाहणी झाली होती (१९६९). पत्नी गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघाले. पाहणी पुरुषांची असली तरी नाजूक काळ कोणता ते कळतं.

आता इथे काय बघायचं. तेराव्याला पंगत उठते, सतरंज्या परत जातात, आणि चौदाव्या दिवशी संध्याकाळी एकाच माणसाचा कुकर लावायचा असतो. घोळ तिथून सुरू होतो. अर्ध्या वाटी तांदळासाठी कुकर लावणं जिवावर येतं, मग चहा-टोस्टवर रात्र निघते. "जेवलात का" असं विचारू नका, उत्तर "हो"च येणार. "आज भाजी कुठली केली" असं विचारा. दर पंधरा दिवसांनी सकाळी एकाच काट्यावर वजन करा. ५२ किलोच्या बाईचं सहा महिन्यांत अडीच किलोच्या वर उतरलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

गोळीचंही तसंच. बऱ्याच घरांत गोळी काढून हातावर ठेवणारा माणूसच गेलेला असतो. मग एक दिवस राहून जाते आणि दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या जातात. सात कप्प्यांची डबी आणा आणि रविवारी कोणीतरी समोर बसून भरा. आणि नातेवाइकांनी प्रेमाने दिलेली झोपेची गोळी अजिबात नको. रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळंच अवघड होतं.

आणखी एक, ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. कोणी काही बोलत नसतं, पण बाईला ते बरोबर कळतं. भजनी मंडळातल्या दोघींना आत्ताच सांगून ठेवा. नुसतं "या हं" म्हणून भागायचं नाही, दारात येऊन घेऊन जायचं.

जुना_बाबू
कागदांचं सांगतो. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढा. मामांचं सिम बंद करू नका, ही चूक फार होते. गॅस, बँक, कधीकधी मामींचं आधारसुद्धा त्याच नंबरावर असतं. आधी आधार केंद्रात मामींना नेऊन त्यांचा स्वतःचा नंबर जोडा, मग बँक.

मृत्यूनंतरच्या तारखांची पेन्शन खात्यात आली असेल तर काढू नका, ती वसूल होते. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जाला दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन, फोटो आणि पासबुक लागतं. अडतं ते नावावरून. पीपीओवर एक नाव, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. तिन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून घ्या. पुढे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला, तो 'जीवन प्रमाण' या सरकारी ऑनलाइन सेवेवरून पुण्याहूनही देता येतो.

घर मामांच्या स्वकमाईचं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मामी, मुलगा, मुलगी असे तीन समान वाटे. मामांच्या आई हयात असतील तर चार. भाऊ एकटा विकू शकत नाही. पहिलं वर्ष मामींकडून हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र कोणीही करून घेऊ नये. पुढे करायचंच ठरलं तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तातच हवेत. सांभाळ झाला नाही तर दस्त रद्द करून देणारं, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ ला आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईने करून दिलेलं बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द केलं.

सुदामानगर_भाची
ताई, दादा, खूप उपयोग झाला. समजा दिवाळीनंतर नेलं, तर तिकडे खोली नातवाबरोबर असेल. ते चालेल का?

ओटला
चालेल, पण आधी बोलून. मामी नऊला निजणार आणि नववीचं पोर अकरापर्यंत दिवा लावून बसणार. टेबलाचा दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवा, मध्ये पडदा लावा. खोली कोणाची हे मुलाला न विचारता ठरलं तर राग आजीवर निघतो, ठरवणाऱ्यावर नाही.

पहिल्या वेळी पंधरा दिवस, मग परत रामबाग, मग एक महिना. परतीचं तिकीट जातानाच काढून त्यांच्या हातात द्या. आपलं घर अजून आपलं आहे, हे त्या तिकिटावरून कळतं. सोबत त्यांचा देव्हारा आणि मिसळणाचा डबा जाऊ द्या.

व्हर्न बेंगट्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पिढ्यांमधल्या नात्याचे सहा धागे सांगितले: जवळ राहणं, भेटीगाठी, जिव्हाळा, मतं जुळणं, मदतीची देवाणघेवाण आणि कर्तव्याची जाणीव. एका छपराखाली आलं की पहिले दोन आपोआप वाढतात. बाकीचे चार जपावे लागतात, आणि सगळ्यात आधी देवाणघेवाण तुटते. "आई, तुम्ही बसा" असं दिवसभर ऐकणारी बाई पाहुणी होऊन जाते. म्हणून एक काम पूर्ण त्यांच्या हवाली करा. विरजण-लोणी-तूप, किंवा पालेभाजी आणण्यापासून निवडण्यापर्यंत. सुनेने त्यात हात घालायचा नाही, चूक काढायची नाही. आणि आईला काही सांगायचं असेल तर मुलाने स्वतः सांगावं. निरोप सुनेच्या तोंडून गेला की तो सुनेचाच होतो. पेन्शन मामींच्याच खात्यात, कार्ड त्यांच्याच पाकिटात.

सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड इथेच काढा. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं ते संरक्षण यादीतल्या रुग्णालयांत महाराष्ट्रातही चालतं.

नर्स_माळवा
थांबा म्हणणं बरोबर, पण त्याला नियम करू नका. गॅस चालू राहतोय, दोनदा पडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत, किंवा "मलाही घेऊन जा" असं देवापुढे पुन्हा पुन्हा म्हणतात, तर वाट बघायची नाही. त्या दिवसापासून कोणीतरी मुक्कामाला हवं, मग ते इथे असो की पुण्यात. टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

रडणं हा आजार नाही. सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच असेल आणि अंघोळ, स्वयंपाक, माणसं सगळंच सुटलं असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या.

सुदामानगर_भाची
आत्ताच पाहून आले. मामींच्या आधारला नंबर मामांचाच निघाला, आणि भावाने सिम बंद करायचा अर्ज कालच भरलाय. आज तो थांबवायला सांगते. रविवारी डबी घेऊन जाते.