शिक्का असला म्हणून नकार चालत नाही

'फायलीवर "सिक्रेट" शिक्का असला की माहिती अधिकाराचा अर्ज वाया' हे मत अर्धंच खरं. शिक्का हा खात्याचा अंतर्गत मामला. २००५च्या माहिती अधिकार कायद्यात तो नकाराचं कारण नाही. माहिती दिल्याने देशाच्या सुरक्षेला बाधा कशी येते, हे अधिकाऱ्याने दाखवायचं असतं. म्हणून अर्जातच कलम १० लिहा: संवेदनशील ओळी झाकून उरलेलं द्या. अपिलात कलम ८(२)चं जनहित मांडा, ते १९२३च्या गोपनीयता कायद्यालाही पुरून उरतं. वीस वर्षं जुनी माहिती खुली, हा नियम मात्र सुरक्षेच्या अपवादाला लागू नाही. इथे बरेच जण फसतात.

दुसरी चूक पत्त्याची. नौदलाच्या मुंबईतल्या कार्यालयाविरुद्धचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या मुंबई खंडपीठाकडे नव्हे, ९० दिवसांत दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं.

आयोग तक्रारीच्या चौकशीत मूळ फाइल मागवून पाहू शकतो, कलम १८(४). आपल्याकडची स्वतंत्र देखरेख म्हणायची तर एवढीच. अमेरिकेत गोपनीयता उठवण्याची अपिलं ऐकणारं आंतरविभागीय मंडळ १९९५पासून आहे, पण त्यात बसतात संरक्षण, परराष्ट्र अशा खात्यांचेच प्रतिनिधी. त्याला स्वतंत्र म्हणणं जरा धाडसाचंच.